तालुका कोर्टातला मोफत कायदेशीर सल्ला: कुणी जावं, काय घेऊन जावं, कुठे कमी पडतो

तालुका कोर्टात विधी सेवा समितीचा मोफत सल्ला कक्ष असतो, हे कोर्टात नेहमी येणाऱ्यांनाही नीट माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांना वाटतं, फुकट आहे म्हणजे काहीतरी सांगून वाटेला लावत असतील. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. मी कोर्टाच्या फाटकाबाहेर टायपिंगचं काम करते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, भाडेकराराचे मसुदे असं सगळं. लोक आधी माझ्या टेबलापाशी येऊन विचारतात, "ताई, याचं काय करायचं?" मी वकील नाही, उत्तर देणं माझं काम नाही. मी त्यांना आत पाठवते. आत जे ठरतं ते टाइप करून घ्यायला ते परत माझ्याकडेच येतात. त्यामुळे जाताना प्रश्न काय होता आणि येताना हातात काय पडलं, हे दोन्ही मला दिसतं. घरच्या एका प्रश्नासाठी मी स्वतःही तिथे जाऊन बसले आहे.

माझं मत आधीच सांगते. जमीन, भाडं, चेक, पोलीस तक्रार, नॉमिनी, ग्राहक तक्रार असा रोजच्या जगण्यातला प्रश्न असेल तर पहिल्यांदा इथे जा. वकील लावायचा की नाही, नोटीस द्यायची की अर्ज करायचा, हे इथून कळल्यावर ठरवा. पुष्कळ जण उलट करतात. आधी कुणाच्या तरी ओळखीने खर्च करतात आणि मग विचारायला येतात, तोवर मुदत निघून गेलेली असते.

ही व्यवस्था कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ सालचा आहे आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. दिल्लीला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्याला राज्य प्राधिकरण, जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका समिती, अशी ती उतरंड. तालुका समितीचे अध्यक्ष तिथले सगळ्यात ज्येष्ठ न्यायिक अधिकारीच असतात. टेबलापलीकडे बसलेले वकील पॅनेलवरचे, म्हणजे बाहेर रीतसर वकिली करणारेच असतात.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हे फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी आहे. कलम १२ मध्ये कुणाला मोफत सेवा मिळते ते दिलं आहे. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली माणसं, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीतले लोक, मानवी तस्करीचे बळी. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाईचं किंवा तिच्या नवऱ्याचं उत्पन्न किती, हे पाहायचंच नसतं. या गटांत न बसणाऱ्यांना राज्याने ठरवलेली उत्पन्नमर्यादा लागू होते आणि त्यासाठी स्वतःचं प्रतिज्ञापत्रही चालू शकतं. हा प्रश्न येतो तो पुढे वकील नेमून हवा असेल तेव्हा. नुसता प्रश्न विचारायला गेलेल्या माणसाला दारातच उत्पन्नाचा दाखला मागितलेला मी आमच्याकडे पाहिलेला नाही.

आता सल्ल्याचा दर्जा. एक प्रसंग सांगते, कारण या जागेबद्दल माझं मत त्यावरून पक्कं झालं. साठीच्या एक मावशी आल्या होत्या. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. भावांनी एका कागदावर सही करायला सांगितलं होतं, "वारस नोंदीला लागते" म्हणून. कागद साधा, वर ‘संमतीपत्र’ लिहिलेलं. मावशींना वाचता येत होतं, पण त्यातल्या भाषेवरून काही कळत नव्हतं. मी त्यांच्यासोबत आत गेले. त्या दिवशी एक तरुण वकील मॅडम होत्या. मावशी रडवेल्या होऊन सगळं घराणं सांगायला लागल्या. मॅडमनी त्यांना बोलू दिलं, मग कागद हातात घेऊन पूर्ण वाचला आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. वडील कधी गेले? मृत्युपत्र केलं होतं का? जमीन त्यांच्या नावावर आली ती आजोबांकडून की त्यांनी विकत घेतली? वाटप झालंय का, झालं असेल तर रजिस्टर झालंय का? याआधी कुठे सही किंवा अंगठा दिलाय का? तलाठी कार्यालयातून नोटीस आली का आणि ती कोणत्या तारखेला मिळाली?

मावशींना निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. मॅडम म्हणाल्या, "मावशी, सातबारा आणा, आणि त्यावर ज्या फेरफाराचा नंबर दिसतो तो जुना फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, काढून आणा. तो बघितल्याशिवाय मी तुम्हाला हिश्शाचं काही सांगणार नाही. तोवर एवढंच करा, या कागदावर सही करू नका." त्या दिवसापुरता सल्ला तेवढाच. मावशी जरा हिरमुसल्या, त्यांना वाटलं होतं लगेच निकाल लागेल. मला मात्र ते फार बरं वाटलं. कागद न बघता छातीठोकपणे उत्तर देणारे कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर पैशाला पासरी भेटतात.

मावशी फेरफार घेऊन परत आल्या. जमीन आजोबांकडून आलेली निघाली, वाटप झालेलं नव्हतं. मग मॅडमनी सविस्तर समजावलं. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. ‘वडील त्या तारखेला हयात हवेत का’ हा वाद बरीच वर्षं चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात तो मिटवला, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही असा निकाल दिला. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटप किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. म्हणूनच त्यांनी पहिल्या दिवशी वाटपाचं विचारलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असती आणि मृत्युपत्र नसतं, तरीही आई आणि सगळी भावंडं सारखीच वारस झाली असती, हेही सांगितलं.

पुढचं बोलणं मला जास्त मोलाचं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, आणि नाव लागलं नाही म्हणून हक्क गेला असंही नाही. पण आत्ता हरकत घेतली नाही तर पुढे तुम्हालाच हेलपाटे पडतील." फेरफाराच्या नोटिशीची मुदत अजून संपलेली नव्हती. लेखी हरकत दिली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं, मंडळ अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात, निर्णय पटला नाही तर प्रांतांकडे अपील करता येतं. आणि शेवटी: "भावांना हिस्सा सोडायचा असेल तर सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण तो रजिस्टर हक्कसोडपत्राने, समजून-उमजून सोडा." भावांविरुद्ध एक शब्द त्यांनी काढला नाही. मावशींना भांडायला लावलं नाही आणि गप्पही बसवलं नाही. मग झेरॉक्सच्या पाठीवर तीन ओळी लिहून दिल्या: हरकत कुणाला द्यायची, कोणत्या तारखेच्या आत, आणि ‘पोच घेणे’. तो अर्ज मीच टाइप केला.

चांगला सल्ला ओळखायची माझी खूण इथूनच आली. समोरचा उत्तर देण्याआधी कागद मागतो का आणि तारीख विचारतो का, ते बघा. कलम पाठ असणारे पुष्कळ आहेत, पण सामान्य माणसाचं नुकसान बहुतेक वेळा कलम माहीत नसल्याने होत नाही, तारीख निघून गेल्याने होतं.

चेकच्या बाबतीत हे फारच खरं आहे. सुतारकाम करणारे एक काका आले होते. किचन ट्रॉलीच्या कामाचा चेक परत आला होता, पार्टी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणत झुलवत होती. काका विचारायला आले होते की पोलिसांत जावं का. टेबलावरच्या वकीलसाहेबांनी चेक बाजूला ठेवला आणि बँकेचा रिटर्न मेमो मागितला. त्यावरच्या तारखेवर बोट ठेवून विचारलं, "हा तुमच्या हातात कधी आला?" बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, आणि काकांचे ते दिवस संपत आलेले. साहेबांनी तिथेच कॅलेंडर काढून मांडून दाखवलं. नोटीस समोरच्याला मिळाली की त्याला पैसे द्यायला १५ दिवस. त्यात दिले नाहीत तर पुढे एक महिन्याच्या आत कोर्टात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफ करून घेता येतो, नोटिशीचे ३० दिवस मात्र चुकले तर माफी नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो, तोही गेला तर राहतो दिवाणी दावा, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत. काका म्हणाले, "म्हणजे पोलीस नाहीच?" साहेब म्हणाले, "आत्ता पोस्ट ऑफिस. पोस्ट बंद व्हायच्या आत."

ती नोटीस टाइप करताना साहेब शेजारी उभे होते. चेक नंबर, तारीख, बँक आणि शाखा, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, मेमोवरचं कारण जसंच्या तसं, आणि रकमेची स्पष्ट मागणी. मी सवयीने ‘रकमेसह नुकसानभरपाई’ एकाच आकड्यात बसवायला निघाले तर त्यांनी थांबवलं. चेकची रक्कम वेगळी दिसलीच पाहिजे, ती दुसऱ्या मागण्यांत मिसळली तर पुढे नोटिशीवरच वाद निघतो. नोटीस स्पीड पोस्टने गेली, पावती काकांनी मेमोलाच टाचली.

माझा स्वतःचा प्रश्न नॉमिनीचा होता. वडिलांच्या बँकेतल्या ठेवीवर भावाचं नाव नॉमिनी म्हणून होतं आणि घरात प्रत्येकाचं मत वेगळं. भावालाच टोचत होतं की हे सगळं आपलं कसं काय. सल्ला असा मिळाला की बँक पैसे नॉमिनीला देईल, तिची जबाबदारी तिथे संपेल, पण नॉमिनी ते वारसांच्या वतीने स्वीकारतो. मृत्युपत्र नसेल तर ते सगळ्या वारसांचे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९८३ मध्येच सांगितलं होतं आणि शेअर्सच्या बाबतीतही २०२३ मध्ये तसाच निकाल आला. पण वकिलांनी तिथेच सावध केलं की विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आहे, आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आहे, तेव्हा पॉलिसी असेल तर ती दाखवा, ठेवीचं उत्तर पॉलिसीला लावू नका. एकाच उत्तरात सगळं गुंडाळलं नाही याचं मला समाधान वाटलं. घरी गेल्यावर आम्ही भावंडांनी अर्ध्या तासात विषय संपवला.

पोलीस तक्रारीचे प्रश्न तर रोज येतात. "एफआयआर घेत नाहीत" ही ठरलेली तक्रार. इथे आधी हे समजावतात की गुन्हा दखलपात्र आहे की अदखलपात्र. अदखलपात्र असेल तर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, होते आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. दखलपात्र असेल तर हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट द्यावी लागते. घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. प्रत्येक वेळी विचारला जाणारा प्रश्न असतो, "लेखी दिलंय का? पोच आहे का?" बहुतेकांनी तोंडी सांगितलेलं असतं. मी तर आता तक्रारीच्या न सांगताच दोन प्रती काढते, एक देऊन दुसरीवर शिक्का घ्यायला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदलला. मोबाइलवर वाचून आलेले लोक अजून ४२० आणि ४९८-अ म्हणतात. फसवणूक आता ३१८ मध्ये आहे, बायकोच्या छळाचं कलम ८५. आणि घटना त्या तारखेआधीची असेल तर गुन्ह्याचं कलम जुनंच लागतं. अर्जावर चुकीचं कलम पडलं म्हणून तक्रार मरत नाही, पण ठाण्यातला माणूस त्यावरून परत पाठवायला बघतो. पॅनेलवरच्या वकिलांनी मला सांगितलं होतं, "ताई, कलम टाकूच नका, काय घडलं ते तारीख-वेळेसह लिहा." मी तेव्हापासून तसंच करते.

भाड्याचे प्रश्न आले की पहिल्यांदा करार रजिस्टर आहे का ते बघतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध केलं नाही तर. डिपॉझिट अडकलेल्या मुलांना हे माहीतच नसतं, ती उगाच घाबरलेली असतात. भाडं थकलं म्हणून मालकाने पाणी किंवा वीज तोडणं हेही कायद्याला धरून नाही. ग्राहक तक्रारीचं सांगायचं तर दोन वर्षांची मुदत, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी प्रयत्न करता येतो. हे पाच मिनिटांत सांगून होतं.

ज्येष्ठांचं मात्र पाच मिनिटांत होत नाही. घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून दिलं आणि आता जेवायला विचारत नाहीत, असे आजोबा दर काही दिवसांनी येतात. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, तो केला नाही तर, कलम २३ खाली परत मागता येते. सगळं अडतं ते ‘अट’ या गोष्टीवर. म्हणून इथे बक्षीसपत्र शब्दन् शब्द वाचतात. अट लिहिलेली नसेल तर खोटी आशा लावत नाहीत, निर्वाहाच्या अर्जाचा रस्ता धरायला सांगतात. या कामाला वेळ द्यावा लागतो आणि आमच्याकडचे बहुतेक वकील तो देतात.

आता जे पटत नाही ते.

सल्ला लेखी मिळत नाही, ही माझी पहिली आणि मोठी तक्रार. मावशींना मॅडमनी तीन ओळी लिहून दिल्या तो त्यांचा चांगुलपणा. तशी काही पद्धत नाही. रजिस्टरमध्ये नाव, विषय आणि सही होते, पण माणसाच्या हातात काही पडत नाही. घाबरलेला माणूस ऐकलेलं निम्मं विसरतो. फाटकापर्यंत येईतो ‘पंधरा दिवसांत’चं ‘पंधरा दिवसांनी’ झालेलं मी ऐकलं आहे. एक छापील चिठ्ठी ठेवली तर किती फरक पडेल. कोणता अर्ज, कुणाकडे, कधीपर्यंत, कोणते कागद, एवढ्या चारच रकान्यांची. वकिलांना वाटत असेल की लेखी दिलं तर जबाबदारी येते. येऊ दे की. तारीख लिहून देण्याची जबाबदारी घ्यायलाच हवी.

दुसरं म्हणजे वकील बदलत राहतात. आज एक, परवा दुसरे. पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि दोघांचा कल वेगळा असला तर माणूस आणखी गोंधळतो. रजिस्टरमध्ये दिलेल्या सल्ल्याचा सारांश लिहिला तर हे सुटेल.

तिसरं, लोकअदालतीची घाई. ही तक्रार आमच्या तालुक्याची नाही. एका दुसऱ्या ठिकाणी माझ्या नात्यातल्या एका मुलीला, तिला नेमकं काय हवंय हे विचारण्याआधीच "लोकअदालतीत मिटवून टाका" म्हणून सांगण्यात आलं. लोकअदालत चांगलीच आहे. कोर्टात दावा नसतानाही दाखलपूर्व प्रकरण म्हणून जाता येतं, चालू दाव्यात तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, डिपॉझिट किंवा उसनवारीसारख्या वादात तर तिच्यासारखा दुसरा मार्ग नाही. पण तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. हे सही करण्याआधी सांगितलंच पाहिजे, स्पष्ट शब्दांत, दोनदा. तडजोड ही दोघांच्या मर्जीची गोष्ट आहे, नकार देता येतो आणि नकार दिला म्हणून केस बिघडत नाही, हे ऐकण्याचा त्या मुलीला हक्क होता.

फोनवरच्या सेवेबद्दल थोडंसं. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर. कुठल्या कार्यालयात जायचं, आपण मोफत सेवेत बसतो का, हे विचारायला तो उपयोगी आहे. अटक झाली आहे, रात्र आहे, घरच्यांना काही सुचत नाही, अशा वेळी नंबर माहीत असावा. टेली-लॉ २०१७ पासून सुरू आहे, गावातल्या सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रातून वकिलाशी बोलता येतं, तालुक्याला यायचं भाडं वाचतं. पण जमिनीचं, बक्षीसपत्राचं किंवा नोटिशीचं काम असेल तर समोर बसून कागद दाखवण्याला पर्याय नाही. फोनवर माणूस स्वतःला जे महत्त्वाचं वाटतं तेच सांगतो, आणि महत्त्वाचं असतं ते तिसऱ्या पानावर.

जाताना काय न्यावं, हे मला रोज विचारतात. मूळ कागद आणि एक झेरॉक्स. लिफाफा फेकू नका, नोटीस कधी मिळाली हे त्यावरच्या शिक्क्यावरून कळतं. घटनांच्या तारखा एका कागदावर क्रमाने लिहून न्या, राग-लोभ न लिहिता. जे आपल्या विरुद्ध जाणारं आहे तेही सांगा. आधी दिलेली सही, घेतलेले रोख पैसे, पाठवलेला मेसेज. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं, तसं कायद्यातच आहे. सकाळी कोर्टाचा पुकार सुरू असताना वकील आत-बाहेर करत असतात, दुपारनंतर निवांत ऐकून घेतात.

गुप्ततेवरून आणखी एक खटकणारी गोष्ट. खोली एकच आहे, मध्ये पडदासुद्धा नाही. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगणारी बाई बोलत असते आणि मागच्या खुर्चीवर भाड्याच्या भांडणवाला बसलेला असतो. कायद्याने तिला मोफत वकील दिला, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी दिला, पण बोलायला आडोसा नाही. अशा वेळी आमच्या इथल्या विधी स्वयंसेवक ताई बाकीच्यांना बाहेर बसवतात. त्या रजेवर असतील तर कुणी बसवत नाही. तेव्हा बायकांनी आत गेल्या गेल्या "मला एकटीला बोलायचंय" असं स्पष्ट सांगावं, ऐकतात.

पुढे वकील नेमून मिळाला तर एक लक्षात ठेवा. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्चही या सेवेत धरलेला असतो आणि नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून काहीही घ्यायचं नसतं. ‘किरकोळ खर्च’ म्हणूनसुद्धा नाही. मागितले तर देऊ नका, समितीच्या अध्यक्षांच्या नावे साधा अर्ज करा. वकील तारखेला येत नसेल, फोन उचलत नसेल, तरी तसाच अर्ज करून दुसरा वकील मागता येतो. कुणाच्या पाया पडावं लागत नाही. अर्जात नेमणुकीची तारीख, केस नंबर आणि काय झालं ते चार ओळींत लिहा, एक प्रत आत द्या आणि दुसरीवर शिक्का मारून घ्या.